त्याला आधीपासूनच काहीतरी होतं

२००९ चा ऑगस्ट ज्यांनी पुण्यात काढला त्यांना तो आठवायला कॅलेंडर लागत नाही. ३ तारखेला चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली. देशातला या साथीचा तो पहिला मृत्यू. पुढच्या आठवड्याभरात शाळा बंद झाल्या, सिनेमागृहं बंद झाली, औषधांच्या दुकानांतले मास्क संपले, लक्ष्मी रोडवर लोक तोंडाला रुमाल बांधून खरेदी करू लागले आणि कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी खिशात ठेवण्याचा उपाय एसेमेसवरून घराघरांत पोचला. नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. गणपती तोंडावर आले होते.

आमच्या सोसायटीच्या जिन्यात त्या दिवसांत एकच प्रश्न वरखाली फिरत होता. "तिला आधीचं काही होतं का हो?" विचारणारे काही दुष्ट नव्हते. प्रत्येकाच्या घरात एखादं मूल होतं, आणि आपलं मूल व ती बातमी यांच्यामध्ये उभी करायला प्रत्येकाला एक भिंत हवी होती. तिला काहीतरी असेलच; आमच्या पोराला काही नाही; म्हणजे आम्ही भिंतीच्या अलीकडे. मीही विचारला होता तो प्रश्न.

करोनाच्या काळात या भिंतीला घरगुती नाव मिळालं: सहव्याधी. वर्तमानपत्रातल्या बातमीच्या शेवटी 'मृतास सहव्याधी होत्या' असं वाक्य आलं की वाचणारा पान उलटायचा. शब्द तसा चांगला घडवलेला आहे, पण त्यातला 'सह' मला नेहमी सहआरोपीतला वाटत आला आहे. सहआरोपी सापडला की मुख्य आरोपीवरची नजर निम्मी होते. मूल फ्लूने गेलं असेल, पण त्याला जन्मापासून हृदयाचा आजार होता म्हटलं की फ्लूचा गुन्हा हलका होतो, उशिरा दिलेल्या औषधाचा त्याहून हलका होतो, आणि न दिलेल्या लसीचा तर विषयच निघत नाही.

माझी तक्रार या शब्दाच्या वेळेबद्दल आहे. मूल गेल्यावर तो आपल्या तोंडी येतो. मूल तापाने फणफणलेलं असताना, किंवा त्याच्याही दोन महिने आधी, तो कुणाला आठवत नाही. आणि हे ज्ञान तर आधीचं आहे. 'आधीपासूनच होतं' याचा अर्थ सरळ घ्यायचा तर, आपल्याला आधीपासूनच माहीत होतं.

आता आकड्यांकडे. मुलांच्या फ्लूबद्दलचे बरेचसे आकडे अमेरिकेचे असतात, आणि त्याला कारण आहे. २००३-०४ च्या हिवाळ्यात तिथे फ्लूने मुलं दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा त्यांनी मोजणी केली. १५३ मुलं निघाली. त्या मोजणीने सगळ्यांनाच हादरवलं, कारण त्यातली ४७ टक्के मुलं आधी ठणठणीत होती. जवळजवळ एक तृतीयांश मुलं दवाखान्यात दाखल होण्याआधीच गेली होती. तेव्हापासून तिथे फ्लूने झालेला प्रत्येक बालमृत्यू सरकारला कळवावा लागतो. २०१० ते २०१६ या काळात असे ६७५ मृत्यू नोंदले गेले, आणि त्यातही आधी कुठलाच आजार नसलेली मुलं निम्मी. पासष्ट टक्के मुलं पहिलं लक्षण दिसल्यापासून सात दिवसांच्या आत गेली. २०२४-२५ चा हंगाम तर महासाथीची वर्षं सोडली तर सगळ्यांत वाईट ठरला: २८० मुलं.

या 'निम्म्या'चे दोन चुकीचे अर्थ निघतात, आणि दोन्ही मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकले आहेत. पहिला असा, की निम्मी मुलं ठणठणीत होती, तर मग आधीच्या आजाराला काय महत्त्व? यावर साधा हिशेब पुरतो. समजा एका तालुक्यात एक लाख मुलं आहेत. त्यांतल्या दहा हजारांना दमा, हृदयविकार, फिट्स असं काही ना काही आहे, नव्वद हजार निरोगी आहेत. फ्लूने दहा मुलं गेली, पाच या गटातली, पाच त्या गटातली. निम्मी-निम्मीच. पण एकीकडे दहा हजारांत पाच आणि दुसरीकडे नव्वद हजारांत पाच, म्हणजे नऊपट धोका. दुसरा चुकीचा अर्थ भिंतीवाल्यांचा: धोका नऊपट 'त्यांना' आहे ना, मग आपण सुटलो. त्या नव्वद हजारांतल्या पाच घरांना हे जाऊन सांगण्याची माझी हिंमत नाही.

'निरोगी' हा शब्दही तपासून घ्यायला हवा. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या एका मुलीची गोष्ट विज्ञानपत्रिकांत आली. फ्लूने ती अत्यवस्थ झाली होती, आधी काही आजार नव्हता. तिच्या जनुकांचा तपास केल्यावर आय-आर-एफ-७ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉनची जी बोंब ठोकतात, ती तिच्या शरीरात नीट ठोकलीच जात नव्हती. फ्लू येईपर्यंत हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. काही मुलांत फ्लू सरळ मेंदूवर उठतो. त्यातही काही घराण्यांत एका विशिष्ट जनुकाचा दोष सापडला आहे. तेव्हा आजारी मुलं आणि निरोगी मुलं अशी विभागणी करताना आपण खरं म्हणजे निदान झालेली मुलं आणि निदान न झालेली मुलं अशी विभागणी करत असतो.

आपल्याकडे तर ही दुसरी रांग फार लांब आहे, आणि तिच्यातले सगळेच काही जनुकांनी लपवलेले नाहीत. पुष्कळसे आईबापांनी लपवलेले आहेत. बालरोगतज्ज्ञाच्या खोलीबाहेर तासभर बसा. मुलाला दर पावसाळ्यात धाप लागते, रात्री छातीतून शिट्टी वाजते, पंप चालू आहे. पण घरात त्याला 'ॲलर्जीचा खोकला' म्हणायचं. फार तर 'बाळदमा', म्हणजे मोठेपणी जाईल असा. मुलगी असेल तर डॉक्टरांना सांगितलं जातं, फाइलवर दमा लिहू नका. फिट येणाऱ्या मुलाची तीच गत. माझी मुलगी २००९ मध्ये तिसरीत होती. तिच्या शाळेच्या फॉर्मवर 'पाल्यास काही आजार असल्यास' असा रकाना होता. तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात निळा पंप असायचा, आणि त्या रकान्यात माझ्या हस्ताक्षरात 'नाही' असं लिहिलेलं होतं. का लिहिलं, याचं धड उत्तर माझ्याकडे आजही नाही. सहलीला नेणार नाहीत, खेळात घेणार नाहीत, बाई उगाच जपतील. जिवंतपणी आपण जो आजार कागदावर येऊ देत नाही तोच मेल्यावर पहिल्यांदा बोलला जातो, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

त्याच साली आजारी मुलांच्या यादीत एक नाव पुढे आलं ज्याकडे तोवर फारसं कुणी बघत नव्हतं. फ्लूला नाजूक कोण, तर दमेकरी, हृदयरोगी, मधुमेही असा आपला समज. अमेरिकेत त्या साथीत दगावलेल्या पहिल्या ३६ मुलांची माहिती तपासली तेव्हा २४ मुलांना आधीचा आजार होता, आणि त्या २४ पैकी २२ मुलांना मेंदूच्या वाढीशी संबंधित काही ना काही होतं: सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, फिट्स. पुढे पूर्ण साथीचा हिशेब झाला. ज्यांची माहिती मिळाली अशा ३३६ मुलांपैकी २२७ मुलांना आधीचा आजार होता, आणि त्यातल्या १४६ मुलांना मज्जासंस्थेचा.

फुप्फुसाच्या आजारात मेंदूचा काय संबंध, असं वाटेल. मला तो वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे बघून कळला. त्यांचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा, जन्मतःच सेरेब्रल पाल्सी. त्याला भरवणं हा दीड तासाचा कार्यक्रम असे. वरणभात गाळणीतून काढल्यासारखा मऊ कालवायचा, मान डाव्या हाताने किंचित पुढे धरायची, अर्धा चमचा द्यायचा आणि गिळल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत थांबायचं. घाई झाली की अन्नाचा कण चुकीच्या नळीत जायचा. मग ठसका. पण तो ठसकाही पुरता नाही, कारण खोकायला पोटाचे आणि छातीचे स्नायू एकदम आवळावे लागतात आणि त्याचे स्नायू एकदम काहीच करत नव्हते. पाठीचा कणा वाकलेला, त्यामुळे एका बाजूचं फुप्फुस कायम दबलेलं. रोज सकाळ-संध्याकाळ वहिनी त्याला पालथा घालून हाताची ओंजळ करून पाठीवर थापट्या मारायच्या, कफ सुटावा म्हणून. अशा छातीत फ्लू उतरला तर काय होईल हे कळायला पदवी लागत नाही. तुमच्याआमच्यातला फ्लूचा रुग्ण आठवडाभर खोकून तो कफ बाहेर काढतो. हा मुलगा खोकूच शकत नाही. शिवाय श्वास लागतोय हे त्याला सांगताही येत नाही.

बाकीच्या आजारांची गोष्टही अशीच आपापल्या यंत्रणेची आहे. टाइप वन मधुमेहाच्या मुलाची साखर तापात भडकते, उलट्यांनी पाणी कमी होतं आणि दोन दिवसांत रक्त आम्लधर्मी होऊ लागतं. सिकलसेलच्या मुलाला छातीचा संसर्ग झाला की ऑक्सिजन घटतो, घटलेल्या ऑक्सिजनने लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, त्या फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या तुंबवतात आणि ऑक्सिजन आणखी घटतो. किडनीच्या आजारासाठी महिनोन् महिने स्टिरॉइड घेणाऱ्या मुलात औषधच प्रतिकार दाबून ठेवतं. संधिवाताच्या तापानंतर दीर्घकाळ ॲस्पिरिन घेणाऱ्या मुलाला फ्लूमध्ये रे सिंड्रोमचा, म्हणजे यकृत आणि मेंदू एकदम बिघडण्याचा धोका असतो. आणि दोन वर्षांखालच्या बाळाला काहीच नसलं तरी त्याच्या श्वासनळ्या इतक्या अरुंद असतात की वय हीच त्याची सहव्याधी.

इथे एक गैरसोयीची आकडेवारी आणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५ टक्क्यांहून जास्त उंचीच्या मानाने रोड आढळली. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ मुलांत रक्त कमी. कुपोषित मुलाला न्यूमोनिया झाला तर ते दगावण्याची शक्यता वाढते हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मग मेळघाटातल्या किंवा धडगावातल्या पाड्यावरच्या मुलाबद्दल 'त्याला आधीपासूनच काहीतरी होतं' असं म्हणताना आपण नक्की कशाकडे बोट दाखवतो? भूक ही सहव्याधी धरली तर भिंतीच्या पलीकडे एवढी गर्दी होते की अलीकडचीच माणसं मोजावी लागतील.



कुणाला आधीपासून काय आहे या ज्ञानाचा सरळ बाजूने उपयोग करायचा नियम आपल्याकडे कागदावर अगदी व्यवस्थित आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. केंद्र सरकारने स्वाइन फ्लूच्या रुग्णांच्या तीन वर्गवाऱ्या केल्या. 'अ' म्हणजे साधा ताप-खोकला, घरी राहा. 'क' म्हणजे धाप, ओठ निळे पडणं, मूल सुस्तावणं. लगेच दाखल करा. आणि मधल्या 'ब'चा दुसरा भाग आपल्या विषयाचा आहे: लक्षणं सौम्य असली तरी मुलाला आधीचा धोक्याचा आजार असेल, फुप्फुस, हृदय, यकृत, मूत्रपिंड, रक्त, मज्जासंस्था यांपैकी कशाचाही, तर ऑसेल्टामिव्हिर सुरू करा. चाचणीची वाट बघू नका. हे औषध पहिल्या ४८ तासांत सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं, म्हणून तर हा नियम. निरोगी मुलाला थांबवायचं आणि आजारी मुलाला पुढे घ्यायचं, एवढं साधं.

प्रत्यक्षात काय होतं? "व्हायरल आहे, तीन दिवस बघू." हे वाक्य निरोगी मुलासाठी पुष्कळदा बरोबर असतं. पण तेच वाक्य, त्याच सुरात, सिकलसेलच्या मुलालाही ऐकवलं जातं, आणि तीन दिवस म्हणजे ७२ तास. त्या ऑगस्टमध्ये वहिनींच्या मुलाला सकाळी ताप भरला आणि त्या दुपारीच त्याला रिक्षात घालून त्या तपासणी केंद्रावर गेल्या. मी सोबत होतो. टेबलामागच्या तरुण डॉक्टरने मुलाकडे बघितलं, थर्मामीटर बघितला आणि दमलेल्या आवाजात म्हणाला, "ताई, ताप आत्ताच आलाय ना? आणि याला तर आधीपासूनच..." वहिनींनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "आहे ना आधीपासून. म्हणून तर पहिल्या दिवशी आले." आणि प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल टेबलावर ठेवली. डॉक्टरने फाइल उघडली, दोन पानं उलटली, आणि गोळ्या लिहून दिल्या. मला वाटतं माझा हा सगळा लेख त्या बाईच्या त्या एका वाक्यात आहे, फक्त त्यांना दोन हजार शब्द लागले नाहीत.

प्रश्न असा, की प्रत्येक मुलाला अशी भांडकुदळ आई मिळेल का? नाही मिळणार. म्हणून व्यवस्था लागते, आणि गंमत अशी की ती अर्धी उभी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. या कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळेत जाऊन मुलं तपासतात. ती ज्या तीसेक गोष्टी शोधतात त्यांत जन्मजात हृदयदोष आहेत, दम्याच्या जातीचे श्वसनाचे आजार आहेत, फिट्स आहेत, तीव्र कुपोषण आहे, वाढीतलं मागेपण आहे. फ्लूच्या धोक्याची यादी करायला बसलो तर आपण जवळपास हीच यादी करू. थॅलेसेमियाची मुलं दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला येतात, सिकलसेलची मुलं गडचिरोलीत, नंदुरबारात नोंदलेली आहेत, विशेष मुलांच्या शाळांना हजेरीपट आहे. नावं, गावं, तारखा, सगळं कुठे ना कुठे लिहिलेलं आहे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात मात्र फ्लूची लस नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांना, आणि धोक्याचा आजार असेल तर त्यापुढेही, दरवर्षी ही लस द्या म्हणते. पण ती खासगीत घ्यायची तर डोस दीड-दोन हजारांच्या घरात जातो, आणि नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. रोजंदारीवरच्या बापाला हा आकडा सांगून बघा.

लस काही कवचकुंडलं नाहीत, हा आक्षेप खरा आहे. विषाणू दरवर्षी रूप बदलतो, लस दरवर्षी नवी करावी लागते, आणि टोचूनही फ्लू होतो. पण आपण इथे सर्दीबद्दल बोलत नाही, मृत्यूबद्दल बोलतोय. अमेरिकेतल्या २०१० ते २०१४ च्या अभ्यासात लसीने मृत्यूचा धोका निरोगी मुलांत ६५ टक्क्यांनी आणि आधीचा आजार असलेल्या मुलांत ५१ टक्क्यांनी कमी केलेला दिसला. एकावन्न हा आकडा कमी वाटतो कुणाला? ज्या मुलाच्या वाट्याला कितीतरी पट धोका आला आहे त्याच्या धोक्यातला अर्धा भाग काढून घेणं, हा सौदा मला तरी परवडणारा दिसतो. सगळ्यांना देणं परवडत नसेल तर याद्यांतल्यांना आधी द्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. तिथे गरोदरपणी आईला टोचणं हाच मार्ग, आणि आपल्या राज्याने २०१५ पासून गरोदर स्त्रियांना ती फुकट देऊन तो मार्ग चोखाळला आहे. म्हणजे तत्त्व मान्य आहे. फक्त ते त्या हजेरीपटांपर्यंत जायचं राहिलं आहे. आणि जाईल तेव्हा पावसाळ्याआधी जावं, कारण आपल्याकडचा फ्लू पहिल्या सरींबरोबर चढतो. परदेशातल्यासारखी ऑक्टोबरची वाट बघत बसलं तर एक अख्खी लाट हातची जाते.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. आजारी मुलांच्या याद्या करणं म्हणजे त्यांच्या कपाळावर शिक्का मारणं नाही का? ज्या शाळेच्या भीतीने मी 'नाही' लिहिलं त्याच शाळेला ही यादी मिळाली तर? भीती खोटी नाही. पण अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८८ च्या सुमारास जे केलं ते मला या भीतीवरचं उत्तर वाटतं. लहान मुलाचं पोट उडायला लागलं, ज्याला जुनी माणसं 'डबा झाला' म्हणतात, की गावातल्याच दाईने किंवा आरोग्यदूताने श्वास मोजायचे आणि तिथल्या तिथे औषध द्यायचं. अक्षरओळख नसलेल्या बाईला श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांची पाटी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ तयार केलं होतं. न्यूमोनियाने होणारे मृत्यू घटले, आणि १९९० मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या बाईकडे गावातल्या मुलांची माहिती होती, पण त्या माहितीबरोबर तिच्या हातात औषधही होतं. नुसती यादी शिक्का मारते हे खरं. माझ्या मुलीच्या शाळेच्या त्या रकान्यापुढे 'असल्यास काय करावे' अशी एक ओळ असती, तर मी कदाचित खरं लिहिलं असतं.

वहिनींचा मुलगा आता सत्तावीस वर्षांचा आहे. त्यांच्या फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला एक पुठ्ठा आहे, स्केचपेनने लिहिलेला. वर फिट्सच्या औषधांची नावं आणि वेळा, मग डॉक्टरांचे दोन नंबर, मग 'ताप आला तर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही'. खाली 'वजन' असा शब्द आणि त्यापुढे खोडलेल्या आकड्यांची रांग, कारण मुलाची मात्रा वजनावर ठरते हे त्यांना कुणीतरी २००९ मध्ये सांगितलं होतं आणि मुलगा मोठा झाला तरी त्यांनी ते सोडलेलं नाही. दर एप्रिलमध्ये लस टोचून आणली की त्या त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभ्या राहतात, मग एकट्या उभ्या राहतात आणि वजाबाकी करतात. यंदा ३८ लिहिलं आहे.